बोलीत रुळलेले शब्द : सेटिंग

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मोबाइलवाल्याकडे ‘सेटिंग’ म्हणजे फोनमधली दातेरी चाकाची खूण, आणि सोनाराकडे अंगठीत खडा बसवण्याचं काम. हे दोन्ही अर्थ इंग्रजीतून जसेच्या तसे आले. पुढचे मात्र आपण इथे घडवले, आणि तेच जास्त बोलके आहेत.

कॉलेजातली मुलं ‘त्यांची सेटिंग आहे’ म्हणतात, तेव्हा दोघांचं जुळलेलं असतं. आजीच्या पिढीत त्याला सूत जमणं म्हणत. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ विचारून, तो अंधेरी म्हणाला की त्याची जागा आपल्या नावावर बोलून ठेवायची, हीसुद्धा सेटिंगच. उभ्याने प्रवास करणाऱ्यांनी आपापसांत लावून घेतलेली ही शिस्त मला फार आवडते. आणि ‘आत सेटिंग आहे’ याचा अर्थ, कचेरीत काम करून देणारा कुणीतरी आहे. बहुतेकदा पैसे घेऊन.

याच घरातले ‘सेट’ आणि ‘सेटल’ मात्र सरळमार्गी राहिले. ‘सगळं सेट आहे’ म्हणजे काळजी नको. ‘मुलगा सेटल झाला’ म्हणजे नोकरी, लग्न आणि स्वतःचा फ्लॅट. मुंबईतल्या चाळी सोडून परवडणाऱ्या घरासाठी इकडे आलेल्यांना या तिसऱ्या गोष्टीचं मोल सांगायला नको. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या 1989च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती, पण प्रेम किंवा लाच हे ‘सेटिंग’चे अर्थ अस्सल आपल्याकडचे.

मराठीत यासाठी शब्द नव्हते असं कसं म्हणावं? वशिला होता. तो मूळचा अरबी ‘वसीला’, म्हणजे साधन. वशिल्याला ओळखीचा, वजनदार माणूस लागतो. साटंलोटं म्हटलं की दोन्ही बाजूंचा स्वार्थ उघडा पडतो, आणि लाच हा शब्द तर आरोपच करतो. सेटिंगला ना ओळख लागते, ना तिच्यात आरोप ऐकू येतो. म्हणून तोच माणूस ‘माझी सेटिंग आहे’ हे ऐटीत सांगतो आणि ‘त्यांनी सेटिंग लावली’ हे चिडून. लोकलमधली जागा आणि टेबलाखालचं पाकीट एकाच हलक्याफुलक्या शब्दात बसतात, हे मला मनापासून खटकतं.

कायदा हा फरक विसरत नाही. 1988च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली आणि लाच देणं हाही थेट गुन्हा ठरला. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. तिथे तक्रार करताना ‘सेटिंग’ म्हणून भागत नाही. कोणी, कोणत्या कामासाठी, किती मागितले, हे स्पष्ट सांगावं लागतं.

पुढच्या आठवड्यात ‘सीन’.