आपण गावाला गेल्यावर मांजराला कोण बघणार?

विषय ऐकून काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. चौलमध्ये बसून ‘पेट सिटर’वर बोलायचं म्हणजे जरा शहरी थेर वाटतात खरे. इथे वाड्या आहेत, शेजार आहे, कुणी ना कुणी घरात असतंच. कुत्र्याला भाकरी घालायला पैसे देऊन माणूस कशाला आणायचा? काही वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हटलं असतं. आता आम्ही तिघं-चौघं चौल, रेवदंडा, नागाव या पट्ट्यात लोकांच्या घरी जाऊन त्यांचे प्राणी सांभाळतो. तेव्हा सुरुवात आमच्याच एका चुकीने करतो.

एका घरातले सगळे चार दिवस पुण्याला लग्नाला गेले होते. घरात एक मांजर. आमच्यातला एक जण सकाळ-संध्याकाळ जायचा, मागच्या पडवीत वाटी भरायचा, पाणी बदलायचा. रोज रात्री वहिनींना फोन जायचा, “जेवलं हो, वाटी अगदी चाटूनपुसून साफ.” चौथ्या दिवशी मंडळी परत आली, वहिनींनी हाक मारली, मांजर येईना. शोधता शोधता माळ्यावर, जुन्या पिंपामागे सापडलं. अंगात त्राण नाही, डोळे पिवळट. वाटीतलं अन्न चारही दिवस बाहेरचा एक बोका येऊन खात होता. आम्ही चार दिवस वाटी बघत होतो, मांजर बघितलंच नव्हतं.

मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं, तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते. मांजर लठ्ठ असेल तर धोका जास्त. एकदा यकृत बिघडलं की भूकच मरते, मग समोर काहीही ठेवा, ते तोंड लावत नाही. शेवटी नळीने भरवावं लागतं, तेही कित्येक दिवस. या मांजराला तसंच करावं लागलं. ते वाचलं, पण त्यात आमची हुशारी काही नाही.

त्या दिवसापासून आमचा नियम असा की प्राणी डोळ्यांनी दिसल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. कितीही वेळ लागो. आणि फोनवर ‘सगळं ठीक’ हे दोन शब्द चालत नाहीत. किती खाल्लं, पाणी प्यायलं का, शी-शू झाली का, हे सांगायचं. बोक्यांच्या बाबतीत शू तर फारच महत्त्वाची. बोका मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, पण ओलं काही होत नाही, तर ती बद्धकोष्ठता समजू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि तसा बोका एक-दोन दिवसांत जातो. रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा.

मग कुणी म्हणेल, प्राण्यालाच कुठेतरी नेऊन ठेवावं. कुत्र्यांसाठी बोर्डिंग असतं, चांगलं असेल तर जरूर ठेवा. पण मांजराचं नातं माणसाइतकंच जागेशी असतं. अनोळखी खोलीत, शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याच्या भुंकण्यात, बरीच मांजरं खाणंच सोडतात. म्हातारं कुत्रं, कमी दिसणारं कुत्रं, औषधावर असलेलं कुत्रं यांचंही तेच. त्यांना घरातच राहू द्यावं आणि माणसाने यावं, हे बरं.

आता शेजाराबद्दल बोलू. शेजारच्या काकूंनी कुत्र्याला बघायचं, हे आपल्याकडे फुकट होतं असं आपण समजतो. ते फुकट कधीच नव्हतं. काकू गावाला गेल्या की त्यांच्या कोंबड्या आपण कोंडायचो, त्यांच्या वाडीत शिंपणं करायचो. अधूनमधून नारळ जायचे, पानगी जायची. हिशोब होता, फक्त वहीत नव्हता. आता काय झालंय? मुलं मुंबई-पुण्याला, आपण महिन्यातून दोनदा तिकडे. काकू कुठेच जात नाहीत. म्हणजे फेड एकाच बाजूची राहिली. काकू तोंडाने नाही म्हणत नाहीत, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी वाटी भरून लगेच परत फिरतात. त्यांचं काय चुकलं? वाडीच्या राखणदाराचंही असंच. त्याला पगार वाडीचा मिळतो, आणि कुत्रा आपण हळूच त्याच्या गळ्यात बांधतो. आमचं म्हणणं, पैसे द्या. काकूंना द्या, राखणदाराला द्या, नाहीतर बाहेरून माणूस आणा. पैसे दिले की ‘मांजर दिसलं का?’ हे विचारायची सोय होते. उपकाराला असं विचारता येत नाही.

अमेरिकेत हा धंदा म्हणून केव्हाच उभा राहिला. तिथल्या व्यावसायिकांच्या दोन संघटना १९८९ आणि १९९४ मध्ये निघाल्या. आपल्याकडे कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत, प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ चे. तुमच्या घरी येऊन तुमचं मांजर सांभाळणारा या दोन्हींत बसत नाही. तेव्हा ‘सर्टिफाइड’ अशी पाटी पाहून भुलू नका, कोणी काय शिकवलं ते विचारा.

कायदा मात्र एक आहे, आणि त्यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘मालक’ या शब्दात त्या वेळी ज्याच्या ताब्यात प्राणी आहे तोही येतो. म्हणजे तुम्ही मुंबईला आणि किल्ली आमच्याकडे, तर तेवढे दिवस कायद्याच्या नजरेत आम्हीही मालक. उपाशी ठेवणं, विनाकारण सोडून देणं, हे दोन्ही गुन्हेच. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. हसू नका, फार जुना आकडा आहे तो. दंडाच्या धाकाने कोणी नीट वागेल अशी आशा धरू नये. पण ‘ताबा’ हा शब्द लक्षात ठेवावा.

ताब्यावरून आपल्या निकितीनची आठवण होते. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे ते तुम्ही पाहिलंच असेल. हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला तो विकायला एक घोडा घेऊन. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा आपल्याकडे ठेवून घेतला, आणि परक्या मुलखात हा बिचारा हात चोळत बसला. अखेर एका वजनदार माणसाने मध्यस्थी केली तेव्हा घोडा सुटला. घोडा निकितीनचा, पण त्याचं काय करायचं ते ठरवणारा दुसराच. आपण प्राणी ठेवून जातो तेव्हा राजीखुशीने का होईना, असंच काहीतरी घडतं. आपण खाणं-पिणं सोपवतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे आपण निर्णय सोपवत असतो, आणि तो सोपवल्याचं कुठे लिहून ठेवत नाही.

निसर्ग वादळ आठवा. ३ जून २०२०. लॉकडाऊनमुळे बरेच घरमालक मुंबईत अडकलेले, इथे घरं राखणदारांच्या भरवशावर. दुपारपर्यंत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब पडले, मोबाईल बंद. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. त्या दुपारी दोरीला बांधलेला कुत्रा सोडायचा की घरात घ्यायचा, हे विचारायला फोन लागत नव्हता. ‘कुत्रा घरात आणायचा नाही’ असं मालकाने बजावलेलं असेल, तर राखणदाराने काय करावं? वादळ रोज येत नाही हे कबूल. पण पावसाळा दर वर्षी येतो, रेंज दर आठवड्याला जाते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो आहे, पण तीही हवामान बघून. चौलहून अलिबाग पंधरा-अठरा किलोमीटर, आणि परळचं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल खाडीपलीकडे. ‘आम्ही लगेच येतो’ हे म्हणणं इथे फारसं उपयोगाचं नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक घराकडून एक कागद लिहून घेतो. त्यावर डॉक्टरचं नाव आणि फोन, ते नसतील तर दुसरे कोण, आणि गाडी कोणाची मिळेल. पुढे एक वाक्य: ‘संपर्क झाला नाही तर डॉक्टर सांगतील ते उपचार, भूल देण्यासह, अमुक रुपयांपर्यंत करावेत.’ रक्कम तुमच्या ऐपतीप्रमाणे, पण आकडा हवा, आणि तेवढे पैसे आधीच देऊन ठेवायचे. नाहीतर सांभाळणारा रात्री अकरा वाजता स्वतःचा खिसा चाचपत बसतो, आणि त्यात वेळ जातो. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्यांचा १९६२ हा टोल फ्री क्रमांकही लिहा. तो मुख्यतः गाईगुरांसाठी आहे, पण माहीत असलेला बरा.

शेवटची ओळ लिहायला लोक तयार नसतात. प्राणी वाचणार नाही आणि त्याला यातना होतायत असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तुमचा फोन लागत नाही, तर काय? झोपेचं शेवटचं इंजेक्शन द्यायचं की तुमची वाट बघायची? आणि नंतर कुठे पुरायचं? एका आजोबांनी आमच्यासमोर पेन हातात घेऊन अर्धा तास घालवला होता. शेवटी लिहिलं, ‘वाट बघू नये.’ त्यांचा कुत्रा अजून आहे, हे सांगायला हरकत नाही. पण हा निर्णय परक्या पोराच्या अंगावर टाकून जाऊ नये. उलट निघाला तर तो त्याला जन्मभर पुरतो.

घरातल्या विषांबद्दल थोडं. सर्वांत घातक विष चांगल्या मनाचा माणूस देतो. मांजराचं अंग गरम लागलं म्हणून तापाची अर्धी गोळी. पॅरासिटामॉल मांजराला पचत नाही, अर्ध्या गोळीनेही ते मरू शकतं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: माणसाचं कुठलंही औषध नाही. उंदराचं औषध वाडीत कुठे टाकलंय ते दाखवा. दारातली कण्हेर विषारी आहे. आणि आपली सुपारी! खाली पडलेली ओली सुपारी चघळणारी कुत्र्याची पिल्लं आम्ही पाहिली आहेत. लाळ, उलटी, जुलाब. गंमत म्हणजे सुपारीतल्याच अरेकोलीन या द्रव्याचा उपयोग एके काळी कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी पाडायला करत. न्यूझीलंडमध्ये तर ते सरकारी मोहिमेतही वापरलं गेलं. पण औषध होतं ते मोजून दिलेलं. विहिरीवर जाळी नसेल तर आधी जाळी टाका. पावसात फुरसं, घोणस निघते, तेव्हा अंधारात कुत्रा वाडीत सोडायचा नाही. चावलाच तर जखम कापत-चोखत बसू नका, धावू देऊ नका, उचलून दवाखान्यात न्या.

लसींचं कार्ड पेटीत कुलूप लावून ठेवतात लोक, ते बाहेर काढा. रेबीजची लस चालू आहे का हे सांभाळणाऱ्याने पाहायलाच हवं, कारण चावा त्याला बसणार आहे. बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला जायचं. ‘घरातलाच कुत्रा आहे’ म्हणून थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही. आणि कुत्र्यांच्या एकत्रित लसीत लेप्टोची लसही असते. कोकणच्या पावसात तिची तारीख चुकवू नये.

माणूस कसा पारखायचा, असं सगळे विचारतात. आम्ही एवढंच सांगू की पहिल्या भेटीत तो प्राण्याच्या अंगावर झेप घेऊन लाड करतो, की बाजूला बसून प्राण्याला जवळ येऊ देतो, ते बघा. आणि तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. ज्याला काहीच प्रश्न नाहीत त्याच्याकडे किल्ली देऊ नये. दोनदा तुम्ही घरात असताना बोलवा, आणि एकदा तुम्ही अलिबागला जाऊन या, तो एकटा राहू दे. कॅमेरा लावला असेल तर तसं सांगा. चोरून बघणं चांगलं नाही.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं की मांजर रोज ताज्या मासळीवर वाढलंय, मासेमारीबंदीत गावाला जायचं तर काय घालायचं? सुकट घालू नका, फार खारट असते. जायच्या आठ-दहा दिवस आधीपासून, तुम्ही घरात असतानाच, दुसऱ्या अन्नाची सवय लावा. आपण निघालो त्याच दिवशी वाटीतलं अन्नही बदललं, तर मांजर दोन्हींवर रुसतं.

आणखी एक प्रश्न होता, शेवटच्या दिवसाचं काय? हे बरं विचारलंत. ‘रविवारी संध्याकाळी येतो’ म्हणून सांगितलेलं असतं, सांभाळणारा रविवारी सकाळची फेरी करून मोकळा होतो, आणि तुम्ही वडखळच्या गर्दीत, नाहीतर रो-रो रद्द झाली म्हणून मुंबईतच. सोमवार दुपारपर्यंत घरात कोणी फिरकत नाही, आणि दोघांनाही वाटतं की दुसरा आहे. म्हणून आमच्याकडे तारीख चालत नाही. तुम्ही घरात शिरलात, प्राणी डोळ्यांनी पाहिलात आणि तिथून फोन केलात, की मगच आमचं काम संपतं. फोन आला नाही तर आम्ही पुढच्या फेरीला येतोच, आणि त्या फेरीचे पैसे तुम्ही द्यायचे.