एक पेटी, अनेक प्रतिस्पर्धी : जर्मनीतील कचरासंकलनाचे मूल्यनिर्धारण

घरगुती कचऱ्याच्या संकलनातील स्पर्धेचा प्रश्न अखेर 'शुल्क नेमके कशाचे?' या प्रश्नाशी येऊन ठेपतो. जर्मनीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील १९९१ च्या अध्यादेशाने वापरलेली वेष्टने परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व विक्रेते यांच्यावर टाकली. ती त्यांच्या वतीने पार पाडणारी 'डुआलेस सिस्टेम डॉइचलांड' ही संस्था १९९० मध्येच स्थापन झाली होती. वेष्टनाचा प्रकार व वजन यांनुसार शुल्क घेऊन ती 'हिरवा ठिपका' हे चिन्ह छापण्याची अनुमती देई. शुल्क मात्र सेवेशी नव्हे, चिन्हाशी बांधलेले होते. काही वेष्टनांचे काम दुसऱ्या संस्थेकडे सोपविले, तरी चिन्ह असल्यास पहिलीचे देणे टळत नसे. या दुहेरी भारामुळे प्रतिस्पर्ध्यांची वाट खुंटली. युरोपीय आयोगाने २००१ मध्ये हा वर्चस्वाचा दुरुपयोग ठरविला. युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये तो निर्णय कायम केला.

पुढे अनेक संस्था आल्या. परंतु दारोदारी प्रत्येकीची निराळी पेटी आली नाही. पिवळी पेटी सामायिक राहिली आणि स्पर्धा उत्पादकांना आकारावयाच्या दरांत झाली. सामायिक खर्चातील हिस्सा नोंदविलेल्या वजनावरून ठरत असल्याने वजन कमी दाखविण्याचा मोह निर्माण झाला. त्याचा भार प्रामाणिकांवर पडला. म्हणूनच २०१९ पासून अंमलात आलेल्या कायद्याने केंद्रीय नोंदणी अनिवार्य केली. दर खुले असले, तरी तराजू विश्वासार्ह असल्यावाचून स्पर्धा न्याय्य ठरत नाही.