सर्व्हरचा कोड पानातच: गतिमान वेबपानं कशी तयार होतात

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं की ब्राउझर पान मागतो आणि सर्व्हर ते पाठवतो. तेव्हा आपण एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे पान सर्व्हरवर आधीपासून तयार असतं. आज ते गृहीतक सोडून द्यायचं आहे.

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. राज्यातली 15 लाखांच्या आसपास मुलं परीक्षेला बसतात. प्रत्येक जण बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकतो, बटण दाबतो आणि आपापले गुण बघतो. ही 15 लाख पानं कुणी आधी टाइप करून ठेवलेली नसतात. ठेवलेलं असतं एकच पान, मोकळ्या जागा असलेलं. मागणी आली की त्या जागा भरल्या जातात. अशा पानाला गतिमान किंवा डायनॅमिक पान म्हणतात. या जागा कोण भरतं, कुठे भरतं आणि भरताना काय चुकू शकतं, हा आपला आजचा विषय.

बोनाफाईड दाखला

शाळेतून बोनाफाईड दाखला आपण सगळ्यांनीच कधी ना कधी आणला आहे. छापील कागद असतो: 'प्रमाणपत्र देण्यात येते की' आणि पुढे रेघ. क्लार्क जनरल रजिस्टर उघडतात, आपली नोंद शोधतात, नाव, जन्मतारीख, इयत्ता लिहितात आणि कागद आपल्या हातात देतात. आता यात तीन गोष्टी लक्षात घ्या. छापील मजकूर सगळ्यांना सारखा. मोकळ्या जागेतला मजकूर ज्याचा त्याचा. आणि रजिस्टर ऑफिसातच राहतं, ते काही आपण घरी आणत नाही. गतिमान पानाचं काम अगदी असंच चालतं.

आधी उलटं होतं

1993 च्या सुमारास सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवून पान तयार करण्याची एक पद्धत आली, तिचं नाव सीजीआय. पर्ल किंवा सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याने पानाची एकेक ओळ छापत जायची. म्हणजे कोड मुख्य, आणि पान त्याच्या पोटात तुकड्यातुकड्याने अडकलेलं. शीर्षकाचा रंग बदलायचा तरी प्रोग्रॅम उघडायला लागायचा. दाखल्याच्या भाषेत सांगायचं, तर प्रत्येक दाखल्यासाठी क्लार्कने अख्खा कागद पहिल्या अक्षरापासून हाताने लिहायचा!

मग काही लोकांनी ही मांडणी उलटी केली. पान मुख्य ठेवायचं आणि जिथे जागा मोकळी आहे तिथेच कोडचा छोटा तुकडा बसवायचा. रास्मस लेरडॉर्फ यांनी 1994 मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही छोटी साधनं लिहिली होती, आपला बायोडेटा कोण बघतं ते त्यांना मोजायचं होतं. जून 1995 मध्ये त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. 'पर्सनल होम पेज' या नावावरून ती पीएचपी झाली. पुढे अँडी गटमन्स आणि झीव सुरास्की यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि 1998 मध्ये पीएचपी 3 आली. मधल्या काळात, 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टने एएसपी आणली, 1999 मध्ये सनने जेएसपी. भाषा वेगवेगळ्या, कल्पना तीच.

पान वाचलं कसं जातं

फळ्यावर एक ओळ लिहू. खरा कोड इंग्रजी शब्दांत असतो, समजायला सोपं जावं म्हणून आपण तो मराठीत लिहू.

नमस्कार, <? नाव छापा ?>. तुमचे एकूण गुण: <? गुण छापा ?>.

`<?` आणि `?>` ही खुणेची चिन्हं. पीएचपीत सुरुवातीच्या खुणेला लागून भाषेचं नावही लिहितात, एएसपी-जेएसपीत प्रश्नचिन्हाच्या जागी टक्क्याचं चिन्ह असतं. मागणी आली की सर्व्हर फाइलचं नाव बघतो. नावाच्या शेवटी पीएचपीचं शेपूट असेल, तर फाइल तशीच न पाठवता इंटरप्रिटर नावाच्या प्रोग्रॅमकडे देतो. इंटरप्रिटरचा नियम साधा आहे: खुणेच्या बाहेर जे आहे ते जसंच्या तसं पुढे पाठवायचं, खुणेच्या आत जे आहे ते चालवायचं आणि त्यातून जे छापलं जाईल तेवढंच पुढे पाठवायचं. ब्राउझरला मिळतं ते भरलेलं पान. ब्राउझरमध्ये 'व्ह्यू सोर्स' करून बघा, कोडचं नावसुद्धा दिसणार नाही.

खुणेच्या बाहेरचं 'जसंच्या तसं' जातं, याचा एक गमतीशीर परिणाम होतो. फाइलच्या सुरुवातीला, पहिल्या खुणेच्या आधी, चुकून एक रिकामी ओळ राहिली तर तीही मजकूरच! ती ब्राउझरकडे रवाना होते. आणि मजकूर एकदा रवाना झाला की त्याच्या आधी जाणारी माहिती, उदाहरणार्थ लॉगिनसाठी लागणारी कुकी, आता पाठवता येत नाही. नवशिके अशा वेळी तास-दोन तास पासवर्ड तपासत बसतात, आणि दोष त्या रिकाम्या ओळीचा असतो.

आता थोडी अवघड ओळ बघू.

<? प्रत्येक विषयासाठी सुरू ?> विषय: <? विषय छापा ?> <? संपलं ?>

पहिल्या तुकड्यात फेरा सुरू होतो, शेवटच्या तुकड्यात संपतो, आणि मधला मजकूर खुणेच्या बाहेर असूनही दर फेरीला पुन्हा पाठवला जातो. विषय सहा असतील तर ओळी सहा. कोड मजकुरात नुसता चिकटवलेला नसतो, तो मजकुरावर हुकूमही चालवतो.

एक प्रश्न

समोरून प्रश्न आला की जावास्क्रिप्टही पानातच लिहितात, मग फरक काय? चांगला प्रश्न आहे. फरक लिहिण्याच्या जागेत नाही, चालण्याच्या जागेत आहे. सर्व्हरचा कोड पान निघण्याआधी तिकडे चालून संपतो. जावास्क्रिप्ट पानाबरोबर आपल्याकडे येते आणि आपल्या यंत्रावर चालते.

पानावर वेळ छापायची आहे असं समजा. सर्व्हरच्या कोडने छापली तर ती सर्व्हरच्या घड्याळाची वेळ. सर्व्हर अमेरिकेत असेल आणि तिकडचीच वेळ लावलेली असेल, तर आपल्या सकाळी पानावर रात्र दिसेल. शिवाय ती वेळ थिजलेली असते, पान पुन्हा मागवेपर्यंत पुढे सरकत नाही. जावास्क्रिप्टने दाखवली तर आपल्याच घड्याळाची वेळ, दर सेकंदाला पुढे जाणारी. पण हेही बघा, आपलं घड्याळ आपण मागे करू शकतो. ऑनलाइन परीक्षेची वेळ संपली की नाही हे ब्राउझरवर सोडलं, तर हुशार विद्यार्थ्याला वेळच वेळ. म्हणून जिथे विश्वासाचा प्रश्न आहे, पैसे, गुण, मुदत, तिथली तपासणी सर्व्हरवर झालीच पाहिजे. ब्राउझरमधली तपासणी ही फक्त सोय.

सीमा कुठे चुकते

आता मुख्य मुद्दा. कोड आणि मजकूर एकाच फाइलमध्ये शेजारी राहतात. कोड कोणता आणि मजकूर कोणता हे यंत्राला आपोआप कळत नाही, ते आपण सांगावं लागतं. बहुतेक मोठ्या चुका याच सीमेवर होतात. तीन बघू.

पहिली चूक: कोडच मजकूर समजला जातो. सर्व्हरची मांडणी बिघडली, फाइल इंटरप्रिटरकडे गेलीच नाही, तर सर्व्हर ती साधा मजकूर म्हणून जशीच्या तशी पाठवून देतो. ऑगस्ट 2007 मध्ये फेसबुकच्या मुख्य पानाचा पीएचपी कोड असाच काही लोकांच्या ब्राउझरमध्ये उघडा पडला होता, कारण एका सर्व्हरची मांडणी चुकली होती. क्लार्कने दाखल्याऐवजी रजिस्टरच हातात द्यावं तसं. म्हणून डेटाबेसचा पासवर्ड पानातल्या कोडमध्ये लिहायचा नाही. तो वेबच्या फोल्डरबाहेर वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा.

दुसरी चूक: मजकूर पानाचा भाग बनतो. नावाच्या चौकटीत कुणी नावाऐवजी स्क्रिप्टच लिहिली आणि आपण ती तशीच छापली, तर पुढे ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये ती चालेल. याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. कुणाचं लॉगिन चोरायला एवढं पुरतं. उपाय सोपा आहे: छापताना `<` सारखी चिन्हं एस्केप करायची, म्हणजे त्यांच्या सांकेतिक रूपात बदलायची. मग ब्राउझर ते चिन्ह फक्त दाखवतो, त्याचा अर्थ लावत नाही.

तिसरी चूक आम्ही स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या शिबिरासाठी नोंदणीचं पान आम्ही बनवलं. पुण्या-नाशिकचे अर्ज धडाधड येत होते, आणि वसईहून फोन यायला लागले की अर्ज जात नाही. शोधता शोधता लक्षात आलं की आडनाव डि'सोझा, डि'मेलो, डि'सिल्व्हा असेल तरच अर्ज अडतो. आडनावातला तो वरचा टिंबासारखा स्वल्प! आम्ही नाव अवतरणचिन्हांत घालून डेटाबेसला देत होतो: जोडा 'डि'सोझा'. डेटाबेसला वाटायचं नाव 'डि' पाशीच संपलं, आणि उरलेला 'सोझा' म्हणजे काहीतरी हुकूम. असा हुकूम त्याला माहीत नाही, म्हणून तो अर्ज नाकारायचा.

तेव्हा आम्ही काय केलं? फोनवर सांगितलं, "ते चिन्ह काढून भरा." मुलांनी भरलं, आणि शिबिराच्या प्रमाणपत्रावर त्यांची नावं चुकीची छापली गेली. एका मुलीच्या वडिलांनी नंतर विचारलं, "शाळेच्या दाखल्यावर वेगळं आणि तुमच्या कागदावर वेगळं, आता कुठे चालणार हे?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. चूक आमच्या कोडची होती, नाव मात्र आम्ही त्यांना बदलायला लावलं.

आणि हे फक्त गैरसोयीपुरतं नाही. जे डि'सोझांकडून नकळत झालं ते कुणी मुद्दाम केलं, चिन्हापुढे खराखुरा हुकूम लिहिला, तर डेटाबेस तो पाळेल. सगळ्यांची माहिती वाचता येईल, पुसताही येईल. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय आहे प्रिपेअर्ड स्टेटमेंट: हुकूम आधी वेगळा द्यायचा, नावाची जागा मोकळी ठेवून, आणि नाव नंतर वेगळं द्यायचं. मग नावात काहीही असो, ते नावच राहतं.

पानात कोड किती असावा

कोड पानात लिहिता येतो म्हणून सगळाच तिथे लिहायचा नाही. शोधणं, मोजणं, तपासणं हे सगळं आधी करून घ्या, शक्यतो वेगळ्या फाइलमध्ये. पानात फक्त छापणं आणि फेरा एवढंच ठेवा. यालाच टेम्प्लेट म्हणतात. क्लार्क रजिस्टर आधी बघतात आणि मग लिहायला घेतात, तसंच. आज पुष्कळ ठिकाणी पान ब्राउझरमध्ये जुळवलं जातं, पण म्हणून सर्व्हरचं काम संपलेलं नाही, आणि वरच्या तिन्ही चुका तिथेही होतात.

घरी करून बघायला एक काम देतो. नाव विचारणारं आणि 'नमस्कार, अमुक' असं छापणारं पान स्वतःच्या संगणकावर बनवा. त्यात डि'सोझा हे नाव टाका, मग `<` हे चिन्ह टाका, आणि दर वेळी सोर्स उघडून काय आलं ते वाचा. पुढच्या व्याख्यानात आपण कुकी आणि सेशन बघू, म्हणजे सर्व्हर आपल्याला दुसऱ्यांदा ओळखतो कसा.