एका दिवसाची मद्यास्वाद-सहल : बर्गंडीचे उदाहरण

द्राक्षमद्याच्या प्रदेशात एकच दिवस हाती असता शक्य तितके मळे पाहण्याचा मोह होतो. परंतु जिभेची ग्रहणशक्ती लवकर थकते व पुढील निष्कर्ष भ्रामक ठरू लागतात. यास्तव तीन ठिकाणे पुरेशी होत. फ्रान्समधील दीजाँ ते बोन हा सुमारे ४० किलोमीटरचा पट्टा या दृष्टीने सोयीचा आहे. येथील तांबडे मद्य मुख्यत्वे ‘पिनो न्वार’ या एकाच द्राक्षजातीचे असते. शक्यतो एकाच वर्षाचे नमुने निवडल्यास चवीतील फरकाचे कारण जमीन व निर्मात्याची पद्धती यांत शोधता येते.

सकाळी दीजाँहून निघून झव्रे-शांबर्तँ येथे पहिला आस्वाद घ्यावा. दुपारी क्लो द व्हूझो येथील सिस्टर्शियन मठवाशांनी मध्ययुगात उभारलेला सुमारे ५० हेक्टरांचा मळा पायी पाहावा. कुंपणभिंत एकच, तथापि वरच्या उतारावर पाण्याचा निचरा चांगला होतो, तर खालच्या अंगास माती जड व ओलसर असते. हा भेद ध्यानी घेऊन बोन येथील तळघरात अखेरचे नमुने चाखावेत.

भेटीच्या वेळा आगाऊ ठरवाव्यात. प्रत्येक घोट चाखून थुंकावा, मध्ये पाणी व पाव घ्यावा, टिपण तत्क्षणी करावे. वाहन चालविणाऱ्याने मात्र मद्यास स्पर्शही करू नये.