शिंपल्यात धूप, घरात धूर: काय काळजी घ्याल?

मुळशीत पाऊस लागला की कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि तिन्हीसांजेला घरात धूप फिरतो. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून धुरी देतात. हल्ली धुपाटण्याऐवजी शिंपला वापरणारेही भेटतात. कुणी ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर-श्रीवर्धनहून आणलेला, तर कुणी ‘शुद्धीकरणा’साठी विकत घेतलेला. श्रद्धा आपल्या जागी आहे. डॉक्टर म्हणून मला काळजी आहे ती निखाऱ्याची आणि धुराची.

शिंपला निखारा सहन करतो का?

शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो सहसा पेट घेत नाही, पण एकाच जागी तापला की तडकू शकतो. ओला असेल तर जास्तच. अॅबलोन जातीच्या शिंपल्याला कडेने नैसर्गिक भोकं असतात, त्यातून ठिणगी खाली पडते. शिवाय तापलेला शिंपला धरायला मूठ नसते. म्हणून निखारा थेट शिंपल्यात ठेवू नका. तळाशी कोरडी वाळू किंवा राखेचा जाड थर घाला, शिंपला मातीच्या ताटलीत स्थिर ठेवा आणि तो हातात घेऊन घरभर फिरू नका. निखाऱ्यासाठी आपलं मूठ असलेलं धुपाटणंच जास्त सुरक्षित.

धुराने हवा शुद्ध होते का?

काही वनस्पतींच्या धुराने हवेतले जंतू कमी झाल्याचे प्रयोग आहेत. पण त्याच धुरात अतिशय सूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. धूर नैसर्गिक असला तरी दमेकऱ्याला त्याचा त्रास होतोच. गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसे आणि हृदयविकाराच्या रुग्णांनीही त्यापासून लांब राहावे.

तान्ह्या बाळाला धुरी?

देऊ नका. बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि त्याला धुरापासून दूर सरकता येत नाही. ऊब हवी असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, टोपी-मोजे घाला, अंगावर कोरडे कपडे ठेवा. डासांसाठी मच्छरदाणी लावा.

बंद खोलीतला निखारा

पावसात दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, गुंगी ही त्याची लक्षणं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ऑक्सिजन ठीक असल्याचं दाखवू शकतो, त्यावर विसंबू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा.

धूप घालायचाच असेल तर

- समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. धूप थोडाच आणि थोडाच वेळ ठेवा.
- बाळ, बाळंतीण आणि दमेकरी दुसऱ्या खोलीत असू द्या.
- निखारा वाळूने किंवा पाण्याने पूर्ण विझवूनच झोपा. पाणी घालण्याआधी निखारा शिंपल्यातून लोखंडी भांड्यात काढा.
- शिंपला घरी कापू किंवा घासू नका. त्याची धूळही फुप्फुसाला त्रासदायक असते.

डॉक्टरकडे लगेच कधी जावे?

दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजा. ते ६० किंवा अधिक असतील, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. मुळशीच्या आतल्या गावांतून दवाखान्यापर्यंतच पावसात वेळ जातो. तेवढा वेळ हिशेबात धरून लवकर निघा.