घरच्या हीट पंपाला कोणता वीजदर मानवेल?

इंग्लंडात ज्या घरांतून गॅसचा बॉयलर जाऊन त्याच्या जागी हीट पंप येतो, त्या घरांच्या इंधनखर्चाचा निकाल यंत्राच्या गुणवत्तेइतकाच विजेच्या करारावर अवलंबून असतो. आणि तरीही यंत्रासाठी महिनोन्महिने विचारविनिमय करणारी मंडळी दराची निवड मात्र जाहिरातीतला सर्वांत लहान आकडा पाहून उरकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बाहेरची हवा कितीही गार भासली तरी तिच्यात उष्णता असतेच, ती शोषून आणि तिचे तापमान चढवून घरात आणता येते, ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. आजचा पंप विजेचे एक युनिट घेऊन साधारणतः तीन युनिट उष्णता देतो. परंतु अलीकडच्या वर्षांत तेथे विजेचे युनिट सुमारे २५ पेन्सला आणि गॅसचे सुमारे ६ पेन्सला पडत असल्यामुळे हा तिपटीचा लाभ दरांतील चौपटीच्या तफावतीत विरून जातो. नव्वद टक्के कार्यक्षम बॉयलरची उष्णता युनिटमागे ६.७ पेन्सला पडते, पंपाची ८.३ पेन्सला. सबब विजेची वर्षभराची सरासरी २० पेन्सच्या आसपास उतरल्याखेरीज गॅसशी बरोबरी होत नाही.

ही सरासरी उतरवण्याचा मार्ग म्हणजे वेळेनुसार बदलणारा दर. त्यांपैकी जुना ‘इकॉनॉमी सेव्हन’, जो १९७८ पासून रात्रीचे सात तास स्वस्त आणि उरलेला दिवस महाग अशा शिरस्त्याने चालत आला आहे, तो विटांत उष्णता साठवणाऱ्या हीटरांसाठी योजलेला होता. पंपाला तो सहसा मानवत नाही, कारण मंदगतीने दिवसभर चालण्यातच पंपाचे हित असते. सारे काम रात्रीत कोंबायचे तर हवा अधिक थंड असताना रेडिएटरचे पाणी ३५ ऐवजी ५५ अंशांपर्यंत तापवावे लागते आणि कार्यक्षमता ढासळते.

‘कोझी ऑक्टोपस’सारख्या नव्या योजनांत पहाटे आणि दुपारी सवलत असते, तर सायंकाळी चार ते सात हा काळ सर्वांत महाग. दुपारी घर तापवून ते तीन तास पंपाला विश्रांती द्यावी, अशी ही तजवीज. ती साधते की नाही, हे ठरवणार घराच्या भिंती. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी कडाक्याच्या एखाद्या दिवशी चार वाजता उष्णता बंद करून सात वाजता थर्मोस्टॅट पाहावा. तापमान अंश-दीड अंशच उतरले, तर ही योजना निःशंकपणे घ्यावी; तीन-चार अंश उतरले, तर आधी पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर आणि खिडक्यांच्या फटी यांकडे लक्ष पुरवावे. घाऊक बाजाराप्रमाणे दर अर्ध्या तासाला पालटणारा दर वादळी वाऱ्याच्या दिवसांत फार स्वस्त पडतो, पण वारा पडलेल्या, गोठवणाऱ्या संध्याकाळी, नेमकी गरज असताना, कडाडतो. वृद्ध माणसे वा तान्ही मुले असलेल्या घराला मी तो सुचवणार नाही.

वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागणाऱ्या घरात पंप ४,००० युनिट वीज घेईल, तेव्हा सरासरीतला एकेक पेनी वर्षाकाठी ४० पौंडांचा आहे. स्वयंपाकही विजेवर आणून गॅसची जोडणी कायमची तोडली, तर तिचा रोजचा स्थिर आकारही वाचतो. पहिला हिवाळा, मुदतीपूर्वी सोडल्यास दंड नसलेल्या साध्या करारावर काढावा. तेवढ्यात स्मार्ट मीटरमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद जमा होते, आणि तीच नोंद प्रत्येक योजनेच्या दराने गुणून पाहिली की स्वतःच्या घराचा खरा हिशेब हाती येतो.