उतारवय आणि डोंगराचा उतार

पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें पहांटे उठून देवाचें नांव घ्यावें व फार तर मैलभर फेरफटका करावा, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. तिला आतां चांगलाच तडा गेला आहे. उजाडण्यापूर्वीं मीरा रोडच्या किंवा भाईंदरच्या रस्त्यानें जाणाऱ्यास हल्लीं एक दृश्य हटकून दिसतें. केस पिकलेले गृहस्थ आणि प्रौढ स्त्रिया, अंगांत सुटसुटीत कपडे व पायांत बूट घालून संथपणें धांवत असतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे आईवडील, मामा, क्वचित् आजोबाहि त्यांत असतील. यांतील कांहीं जण एवढ्यावर थांबत नाहींत. ते साताऱ्यास यवतेश्वरच्या घाटांत धांवून येतात, आणि मग एके दिवशीं जेवतांना जाहीर करतात कीं, येत्या हिंवाळ्यांत आपण सिंहगड, राजगड व तोरणा यांना जोडणाऱ्या डोंगर-शर्यतींत उतरणार. घरांत अर्थातच गहजब होतो. आई म्हणते, हें का वय आहे? आजी ताट सरकवून उठते, आणि मुलें हंसतात. हा लेख त्या घरांतील सर्वांसाठीं, पण विशेषतः त्या हंसणाऱ्या मुलांसाठीं आहे.

मॅरेथॉन शर्यत ४२.१९५ किलोमीटरांची असते. तिच्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. वर सांगितलेल्या तीन किल्ल्यांच्या शर्यतीचा एक पल्ला पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंच, तोरणा १४०० मीटरांहून अधिक, आणि या गडांच्या मध्यें खोल दऱ्या. तेव्हां येथें प्रश्न नुसत्या अंतराचा नाहीं. चढण्याचा आहे, आणि त्याहूनहि अधिक उतरण्याचा आहे.

वृद्धांस हें साधतें काय? साधतें, याला साक्षी आहेत. दक्षिण आफ्रिकेंत डर्बन व पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमध्यें कॉम्रेड्स नांवाची शर्यत १९२१ सालीं सुरू झाली. मार्ग सडकेचा, पण टेंकड्यांनीं भरलेला. अंतर सुमारें ८८ किलोमीटर. महाराष्ट्रांतूनहि पुष्कळ धांवपटू तेथें जाऊन आले आहेत. वॉली हेवर्ड यानें ही शर्यत १९३० सालीं प्रथम जिंकली, वीस वर्षांनीं पुन्हां जिंकली, आणि अशी एकंदर पांच वेळां जिंकली. परंतु लोकांच्या स्मरणांत राहिलें तें १९८८ साल. त्या वेळीं तो ७९ वर्षांचा होता, आणि त्यानें ती पावणेदहा तासांच्या आंत पुरी केली! पुढच्या वर्षीं तो पुन्हां धांवला आणि शेवटच्या रेषेवर पोहोंचला तेव्हां ठरलेली मुदत संपण्यास दोन मिनिटेंहि उरलीं नव्हतीं. दुसरा साक्षी इटलीचा मार्को ओल्मो. आल्प्स पर्वतांत माँ ब्लाँ शिखराभोंवतीं प्रदक्षिणा घालणारी सुमारें शंभर मैलांची शर्यत आहे. ती त्यानें २००६ व २००७ या दोन्ही वर्षीं जिंकली. नुसती पुरी केली नव्हे. तेव्हां त्याचें वय अनुक्रमें ५७ व ५८ होतें.

हीं उदाहरणें परदेशचीं, आपलें हें काम नव्हे, असें कोणी म्हणेल. त्यास एवढेंच सांगावयाचें कीं, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे खेडुत पाहूनच दोराबजी टाटांच्या मनांत ऑलिंपिकची कल्पना आली, आणि १९२० सालीं अँटवर्प येथील मॅरेथॉनमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत धांवून एकोणिसावे आले. ते तरुण होते हें खरें. पण लांब पल्ल्याची धांव या मातीला परकी नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

आतां वय काय हिरावून घेतें तें पाहूं. हृदय अधिकांत अधिक किती वेगानें स्पंदन करूं शकेल याचा अंदाज बांधण्याची एक रीत आहे: वयाला ०.७ नें गुणावें आणि तो गुणाकार २०८ मधून वजा करावा. वीस वर्षांच्या मुलास १९४ येतात, साठ वर्षांच्या आजोबांस १६६. (हा सरासरीचा हिशेब आहे, प्रत्येक मनुष्य त्यांत तंतोतंत बसेलच असें नाहीं.) म्हणजे पंपाचा वेग मंदावतो. शरीर दर मिनिटास जितका प्राणवायु वापरूं शकतें, तें प्रमाणहि तिशीनंतर दर दहा वर्षांनीं शेंकडा दहाच्या सुमारास घटत जातें. जो नियमानें व्यायाम करतो त्याची घट पुष्कळ कमी होते, पण ती अजिबात थांबत नाहीं. स्नायूंचा आकार व जोर कमी होतो, कंडरा ताठर बनतात, आणि झालेली झीज भरून येण्यास पूर्वींपेक्षां अधिक दिवस लागतात. या यादींतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्याकडेच बहुधा कोणी लक्ष देत नाहीं. वृद्ध धांवपटू दम कमी पडल्यामुळें क्वचितच हरतो. विश्रांति न घेतल्यामुळें तो दुखावतो आणि घरीं बसतो.

चढाविषयीं फारसें भय बाळगण्याचें कारण नाहीं. १८९२ सालीं नेस्मिथ नांवाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानें डोंगरांत चालण्याचा हिशेब मांडून ठेवला: दर तीन मैलांस एक तास, आणि शिवाय दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं हें मीटरांत करून पाहावें. एक मीटर वर चढणें हें सपाटीवरील सुमारें आठ मीटर चालण्याइतकें पडतें, असें उत्तर येईल. आतकरवाडीहून सिंहगडाचा चढ सुमारें सहाशें मीटरांचा आहे. म्हणजे तेवढ्या वाटेवर जवळ जवळ एक तास निव्वळ उंचीचा द्यावा लागतो. खडा चढ धांवून जाण्यांत श्रम फार आणि लाभ थोडा. म्हणून जाणते लोक तेथें गुडघ्यांवर हात टेंकून किंवा दोन काठ्या घेऊन झपझप चालतात. चढावर बोलतां बोलतां एखादें वाक्य पुरें करतां येत असेल तर वेग योग्य आहे. शब्द तुटूं लागले कीं वेग कमी करावा.

खरी कसोटी उतारावर होते. भरलेली बादली उचलतांना दंडाचा स्नायु आंखडतो, हें सर्वांस ठाऊक आहे. तीच बादली सांवकाश खालीं ठेवतांना तो स्नायु लांबत जातो, पण भार मात्र धरून राहतो. उतारावर प्रत्येक पावलागणिक मांडीच्या पुढील स्नायूस हेंच करावें लागतें. तो लांबत असतांनाच सर्व शरीराचा भार अडवून धरतो. यांत दम लागत नाहीं, त्यामुळें कष्ट होत आहेत हें कळतच नाहीं. स्नायूंतील सूक्ष्म तंतु मात्र तुटतात, आणि वेदना सुरू होते ती त्या दिवशीं नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं. शर्यतींत पहिल्याच गडाचा उतार जो आनंदानें उड्या मारीत उतरला, त्याच्या मांड्या तिसऱ्या गडापाशीं लांकडासारख्या होतात.

सुदैवानें यावर निसर्गानेंच उपाय योजिला आहे. एकदां थोड्या उतारानें दुखावलेला स्नायु बरा झाला कीं तशाच श्रमास पुढें कित्येक आठवडे पूर्वींइतका दुखत नाहीं. म्हणून उताराचा अभ्यास थोडा थोडा, पण आधींपासून केला पाहिजे. भाईंदरची भूमि बहुतेक सपाट, खाडीची व मिठागरांची. तरी पश्चिमेस उत्तन-डोंगरीची टेंकडी आहे, पूर्वेस घोडबंदर व चेणें या बाजूस डोंगर आहेत, आणि रेल्वेनें विरारला गेलें तर जीवदानीच्या हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. राष्ट्रीय उद्यानाच्या रानांत मात्र परवानगीवांचून किंवा काळोखांत जाऊं नये. तेथें बिबट्यांची वस्ती आहे, आणि ती त्यांची हक्काची आहे.

पावसाळ्यांत रस्ते तुंबले तर काय करावें? मीरा रोडला वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत. आमची सूचना ऐकून पुष्कळांस हंसूं येईल: लिफ्टनें वर जावें आणि जिन्यानें खालीं उतरावें. तैवानमध्यें वयस्क व स्थूल स्त्रियांचे दोन गट करून हाच प्रयोग झाला व २०१७ सालीं तो प्रसिद्ध झाला. एक गट बारा आठवडे जिने चढत असे, दुसरा केवळ उतरत असे. आणि मांडीची शक्ति अधिक वाढली ती उतरणाऱ्या गटाची. आरंभीं पांच मजले, आठवड्यांतून एकदां, कठड्याला हात ठेवून. मग हळूहळू वाढ. गुडघ्याचें जुनें दुखणें असेल त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून हा उद्योग करूं नये. उतरतांना पावलें लहान व चपळ टाकावीं. अंग मागें झुकवून टांचेनें गति रोखूं नये. नजर तीनचार पावलें पुढें असावी. एक बारीकशी गोष्ट येथेंच सांगून टाकूं. वाचण्याचें व लांबचें अशीं दुहेरी भिंगें असलेला चष्मा उतारावर धोक्याचा असतो, कारण खालच्या भिंगांतून पायाजवळचा दगड अंधुक दिसतो. डोंगरासाठीं लांबच्या नजरेचा साधा चष्मा निराळा ठेवावा.

अर्धमॅरेथॉन सहज धांवणाऱ्या साठीच्या मनुष्यास अशा शर्यतीच्या तयारीस निदान सहा महिने हवेत. आठवड्यांतून तीन दिवस धांवणें पुरे: एक लांब, एक टेंकडीचें, एक अगदीं सौम्य. दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. यासाठीं परदेशी यंत्रांची गरज नाहीं. आपल्या तालमींतील बैठका, पायरीच्या कडेवर उभें राहून टांचा उचलणें व सांवकाश खालीं सोडणें, आणि एका पायावर तोल सांभाळणें, एवढें मनापासून केलें तरी पुष्कळ आहे. उरलेले दोन दिवस विश्रांतीचे. दर चौथ्या आठवड्यांत सर्वच श्रम कमी करावे. लांब उतारानंतर तरुण मुलगा दोन दिवसांत पुन्हां धांवेल. त्याच्या वडिलांनीं चार दिवस थांबण्यांत कमीपणा नाहीं. आहारांत प्रथिनें वाढवावीं, कारण उतारवयांतील स्नायूंस तीं अधिक लागतात. डाळ, दूध, अंडीं आहेतच. आणि ज्यांस चालतें त्यांनीं उत्तनच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांस नाक मुरडूं नये.

मिठागरांच्या गांवीं मिठाची गोष्ट विसरून चालणार नाहीं. आपल्या दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं, म्हणून अंग थंड होत नाहीं, आणि तासाला लिटरभर पाणी सहज निघून जातें. त्याबरोबर मीठहि जातें. वृद्धांस तहान उशिरां लागते हें खरें. परंतु त्या भीतीनें घटाघट पाणी पीत सुटणें हेंहि घातक आहे. २००२ सालीं बॉस्टन मॅरेथॉन पुरी केलेल्या ४८८ जणांचें रक्त तपासलें तेव्हां शेंकडा १३ जणांच्या रक्तांत सोडियमचें प्रमाण योग्य पातळीहून खालीं उतरलेलें आढळलें. शर्यतींत पोहोंचतांना वजन निघतांनाच्या वजनाहून वाढलें, तर पाणी फाजील झालें असें समजावें. लिंबू, साखर व मीठ घातलेलें पाणी घोंट घोंट घ्यावें. रक्तदाबाचें औषध घेणाऱ्यांनीं मिठाचें प्रमाण स्वतःच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें.

शेवटीं आजींच्या मनांतील प्रश्न: हृदयाचें काय? अमेरिकेंत २००० ते २०१० या काळांत मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धांवणाऱ्या १ कोटी ९ लक्ष लोकांचा हिशेब तपासला गेला. त्यांत ५९ जणांचें हृदय धांवतांना किंवा धांव संपतांच बंद पडलें, आणि त्यांपैकीं ४२ जण दगावले. ही संख्या लहान आहे. पण ज्या घरचा मनुष्य गेला त्या घरास ती लहान नव्हे. म्हणून चाळिशीनंतर अशा तयारीस लागण्यापूर्वीं डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर व हृदय यांची तपासणी करून घ्यावी. श्रमाच्या वेळीं हृदय कसें चालतें याचीहि परीक्षा डॉक्टर सांगतील तर करावी. धांवतांना छातींत दडपण, जबड्यांत किंवा डाव्या हातांत कळ, घेरी अथवा नेहमींपेक्षां वेगळा दम जाणवला तर त्याच क्षणीं थांबावें आणि तेथील स्वयंसेवकास सांगावें. तापांत किंवा ताप नुकताच उतरला असतां धांवूं नये. मुलांनीं एक काम अवश्य करावें: वडील कोणत्या वाटेनें जातात व केव्हां परततात तें लिहून घ्यावें, आणि त्यांच्या खिशांत घरच्या फोनचा क्रमांक व चालू औषधांची नांवें लिहिलेला कागद असूं द्यावा.

शर्यतीपूर्वींच्या दोन-तीन आठवड्यांत धांवणें निम्म्यावर आणावें आणि मोठे उतार अजिबात टाळावे. नवे बूट त्या दिवशीं प्रथम घालूं नयेत, आणि न खाल्लेला पदार्थ त्या दिवशीं प्रथम खाऊं नये. आदल्या रात्रीं बहुतेकांस झोंप लागत नाहीं. तिची काळजी करूं नये. त्याआधींच्या पांचसहा रात्रीं घरांत दिवे लवकर मालवले गेले असतील तर तेवढी झोंप पुरते.